अंगणवाडीत चार बोली आणि एकच खोली: लेकरांना बोलतं कसं करू?

मन्याडकाठची (कंधार तालुका, जि. नांदेड)

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. आमचं गाव मन्याड नदीच्या काठाला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लेकरांबद्दल लिहायचं आहे.

आमच्या खोलीत तीन ते सहा वयाची लेकरं येतात ती चार ठिकाणची. निम्मी गावठाणातली, घरी मराठी बोलणारी. बाकीची तांड्यावरची, मशिदीमागच्या गल्लीतली आणि वडार वस्तीतली. तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, गल्लीत दखनी म्हणजे इकडची बोलीतली उर्दू, वडार वस्तीत त्यांची वडारी, ऐकायला तेलुगूच्या जवळची. मला मराठी येते, आणि गल्लीतलं बोलणं लहानपणापासून कानावर असल्यानं बऱ्यापैकी कळतं. गोरबोली थोडी थोडी समजते. वडारी काहीच नाही.

तांड्यावरचं तीन वर्षांचं लेकरू पहिल्यांदा येतं तेव्हा मी काय बोलते ते त्याला उमगत नाही. 'बस', 'हात धू', 'रांगेत ये' एवढं दुसऱ्यांचं बघून शिकतं. गोष्ट सुरू झाली की खिडकीकडं बघत बसतं. बडबडगीताला हातवारे बरोबर करतं, पण ओठ मिटलेले. एक मुलगी आहे साडेचार वर्षांची. तांड्यावर गृहभेटीला गेले की हीच सगळ्या पोरांची पुढारी. भांडणं सोडवते, शेळीचं पिल्लू काखेत मारून मला घरोघर फिरवते, कुणाच्या घरी बाळ झालंय ते सांगते. अंगणवाडीत मात्र मी तिचा आवाज खोकल्यापुरताच ऐकलाय. नोंदवहीत भाषाविकासाच्या रकान्यात तिच्या नावापुढं काय लिहू? 'बोलत नाही' असं लिहिलं तर ते खरं नाही.

ही लेकरं बोलतात ती फक्त आहाराच्या वेळी, चुलीपाशी. आमची मदतनीस गल्लीतली आहे. तिच्या माहेराला लागूनच तांडा होता, म्हणून तिला गोरबोली चांगली येते. खिचडी वाढता वाढता ती त्यांच्याशी काहीबाही बोलते आणि तिथं नुसता कलकलाट असतो. ताटं उचलली की पुन्हा गप्प. जेवायला बसतानाही लेकरं आपापल्या वस्तीप्रमाणं बसतात. मी मिसळून बसवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता पालक. गावठाणातल्या एका आईनं मला दारातच गाठलं. "ताई, आमचं लेकरू घरी येऊन मला याडी म्हणालंय. हे काय शिकवालाव तुम्ही?" याडी म्हणजे गोरबोलीत आई. तिच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. आणि तांड्यावरचा एक बाप म्हणाला, "मॅडम, आमची बोली घरी हायच की. तुम्ही मराठी शिकवा, जमलं तर एबीसीडी शिकवा. माझ्या पोराच्या हातात कोयता येऊ देऊ नका." दसरा झाला की तो बायकोसकट टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जातो. त्याच्यापुढं मी काय बोलणार होते?

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलंय की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर धरलाय, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात लेकराच्या घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. मला ते मनापासून पटतं. पण माझ्यापुढं घरच्या भाषा चार आहेत आणि शिकवणारी मी एकटी.

त्यात वरून निरोप आलाय की येत्या कार्यक्रमात 'विविधतेत एकता' दाखवा. एकाला फेटा-धोतर, एकाला टोपी-शेरवानी, एकीला फेटिया-कांचळी (बंजारा बायकांचा घागरा-चोळी), फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. कार्यक्रमाला माझी ना नाही. पण ती साडेचार वर्षांची पोरगी फेटिया घालून फोटोपुरती उभी राहणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसणार, हे मला आत्ताच दिसतंय.

ज्यांनी लहान लेकरांसोबत काम केलंय त्यांनी सांगा. रोजच्या दोन-तीन तासांत ह्या चारही घरांना जागा कशी द्यायची? आणि त्या आईला व त्या बापाला काय सांगू?


साधासरळ (परभणी)

ताई, तुमची तळमळ कळते. तरी एक विचारतो, राग मानू नका. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. इतक्या लहान वयात कोण कुठल्या वस्तीतला आणि कुणाची बोली कुठली, हे समोर आणायचंच कशाला? लेकरांना भेद माहीत नसतो. आपण दाखवला की सुरू होतो. सगळ्यांना एक भाषा, एक प्रार्थना, एक पंगत. आमच्या लहानपणी असंच होतं आणि आम्ही मित्र म्हणूनच वाढलो. शिवाय पुढं पहिलीला मराठीच आहे, तिथले गुरुजी काही गोरबोलीत शिकवणार नाहीत. मग आत्तापासूनच मराठीची सवय लागलेली बरी नाही का?


लेक_तांड्याची

दादा, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय म्हणून मीही मनातलं लिहिते. मी तांड्यावर वाढले. आज प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि पहिलीलाच शिकवते, तेही मराठीतून. पहिलीत मराठीवाचून काय अडतं ते मी रोज बघते.

तुम्ही म्हणता एक पंगत. ती पंगत कुणाच्या घरची असते ते बघा. भाषा गावाची, गोष्टीतलं घर गावातलं, तक्त्यावरची आई काठापदराच्या साडीतली, गाण्यातला मामा गावठाणातला. गावातल्या लेकराला हे सगळं 'सगळ्यांचं' वाटतं, कारण ते त्याचं स्वतःचं असतं. तांड्यावरच्या लेकराला पहिल्याच दिवशी कळतं की इथं आपल्या घरचं काहीच नाही. त्यासाठी त्याला कुणी भेद दाखवावा लागत नाही.

मी स्वतः बालवाडीत कित्येक महिने गप्प होते. पोटात दुखतंय हे मराठीत सांगता येत नव्हतं, म्हणून रडायचे. बाईंना वाटायचं, आईची आठवण आली. त्या मला मायेनं खाऊ द्यायच्या आणि पोट आणखी दुखायचं. बाई प्रेमळ होत्या. त्यांच्या प्रेमाला माझं दुखणं कळायला माझे दोन शब्द हवे होते, तेवढेच नव्हते.

मन्याडकाठची ताई, त्या बापाचं म्हणणं खोडायला जाऊ नका. तो अगदी योग्य तेच मागतोय. त्याच्यापुढं गोरबोलीचं कौतुक केलंत तर त्याला वाटेल, शिकलेली माणसं आमच्या पोरांना तांड्यातच ठेवायला बघतात. त्याला सरळ सांगा, "भाऊ, मी मराठीच शिकवणार आहे, आणि ती लवकर यावी म्हणून तुमच्या बोलीतून आत शिरणार आहे." गोष्ट आधी गोरबोलीत ऐकलेली असली की मराठीत ऐकताना लेकराला फक्त शब्द नवे लागतात, गोष्ट ओळखीची असते. पुढं काय होणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून कान टवकारून ऐकतं. शब्दही नवे आणि गोष्टही नवी, असं झालं की ते खिडकीकडं बघतं. माझ्या पहिलीच्या वर्गात हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. ज्या लेकरांना लहानपणी आपल्या बोलीत भरपूर बोलू दिलंय, ती मराठी वाचायला लवकर लागतात, कारण बोलायची भीती गेलेली असते.

आता त्या फोटोचं. फेटिया-कांचळीवर आरसे, कवड्या, रंगीत टाके बसवायला बाईचे महिनेच्या महिने जातात. माझ्या आजीनं शेवटपर्यंत तेच अंगावर घातलं. माझ्या आईनं ते सोडून साडी घेतली, कारण बाजारात, बसमध्ये लोक वळून वळून बघायचे, हसायचे. आमच्या घरातल्या बायकांचं एवढं सगळं त्या कपड्यात आहे. दुकानातून भाड्यानं आणलेला चकचकीत घागरा घालून लेकराला 'बंजारा' म्हणून उभं केलेलं बघवत नाही. त्याऐवजी तांड्यावरच्या एखाद्या आजीला अंगणवाडीत बोलवा. ती टाका कसा घालतात ते दाखवेल, लेकरं कवड्या मोजतील, आरशात तोंड बघतील, जाड सुतानं आणि बोथट सुईनं गोणपाटावर टाके घालून बघतील. मोजणं आलं, बोटांना वळण आलं, आणि आजी शिकवायला आली हे गावातल्या लेकरांनीही पाहिलं.

अजून एक सुचवते. श्रावणात आमच्याकडं तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमाराला विसर्जन करतात. गावात नवरात्रात घटाभोवती मातीत धान्य पेरतातच. तुम्ही अंगणवाडीत तीज साजरी करू नका. तिचे नेम असतात, ते तांड्यावरच राहू द्या. पण दाणे पेरून अंकुर बघणं हा बालवाडीतला नेहमीचा उपक्रम आहे. तो श्रावणात करा आणि त्या मुलीला विचारा, तुझ्या ताईची टोपली केवढी झाली? ती हातानं उंची दाखवेल, तेवढं पुरे. नवरात्रात पुन्हा पेरा, तेव्हा सांगायची पाळी गावठाणातल्या लेकरांची.


लातूरच्या_बाई

मी बालवाडीत आयुष्य काढून निवृत्त झालेय. आधी परभणीच्या दादांसाठी थोडं.

लहान लेकरांना भेद कळत नाही असं आपल्याला वाटतं, कारण आपली तशी इच्छा असते. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय लेकरांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कुठली ते विचारलं. बहुतेकांनी गोरीकडं बोट दाखवलं. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालपत्रात ह्या कामाचा आधार घेतला गेला. आपल्याला बाहुल्या ठेवायचीही गरज नाही. आहाराला कोण कुणाशेजारी बसतं ते ताईंनी लिहिलंच आहे. लेकरांनी भेद पाहिलेला आहे. त्यावर आपण गप्प बसलो तर ते घरादारात, रस्त्यावर जे ऐकतात त्यावरून स्वतःच अर्थ लावतात.

तिकडच्याच लुईस डर्मन-स्पार्क्स ह्या बालशिक्षणातल्या बाईंनी सणापुरत्या कार्यक्रमांना पर्यटकी अभ्यासक्रम म्हटलं होतं. एक दिवस एका समाजाचे कपडे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं जेवण, आणि वर्षाचे बाकी सगळे दिवस वर्ग होता तसाच. ताई, तुम्हाला त्या फोटोबद्दल जे खटकतंय ते हेच. तुमचं मन बरोबर सांगतंय.

आपल्याच राज्यात ह्याहून जवळचं उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली लेकरं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, घरापुढच्या अंगणात भरवली. ताराबाईंचं माँटेसरी पद्धतीचं काम बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला झालेलं. पण कोसबाडला विकतच्या महाग साधनांवर त्या अडून बसल्या नाहीत. शिंपले, बिया, काड्या, माती, पानं, जे पाड्यावर होतं त्यातून साधनं केली. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तुमचं तांड्यावर वजन घ्यायला जाणं होतंच. महिन्यातून एखादा दिवस तिथंच सगळी लेकरं नेऊन अंगणवाडी भरवा. गावठाणातल्या लेकरांना एक दिवस पाहुणं होऊ द्या. तुमची ती पुढारी मुलगी त्या दिवशी काय करते ते बघा.

आता रोजचं. चार भाषा शिकायचं मनावर दडपण घेऊ नका. दुखतंय, भूक लागली, तहान लागली, शी-शू, आई कधी येणार, भीती वाटते, मला दे, माझं आहे. एवढंच प्रत्येक वस्तीतल्या एका बाईकडून विचारून वहीत देवनागरीत लिहून घ्या आणि पाठ करा. गोरबोलीला स्वतःची वेगळी लिपी रूढ नाही, म्हणून बिचकू नका, कानाला ऐकू येतं तसं लिहा. लेकराला जगायला लागणारे शब्द बाईंना कळतात, ह्याचा त्याला फार धीर येतो. नंतरच्या भाषा त्याच्यावरच उभ्या राहतात.

आणि तुमची मदतनीस! ताई, तुम्ही स्वतःच लिहिलंय की लेकरं चुलीपाशी बोलतात. मग चुलीपाशी जे चालतं ते गोष्टीच्या गोलात आणा. गोष्ट तुम्ही मराठीत सांगा, शेजारी तिला बसवा. आठवडाभर एकच गोष्ट. सोमवारी तिच्या तोंडून गोरबोलीत, मंगळवारी दखनीत, मग तुमच्याकडून मराठीत, हातात त्याच वस्तू घेऊन. भाकरी, दोरी, डबा, घोंगडं. गोष्ट बदलायची घाई करू नका, ह्या वयाला तीच ती गोष्ट हवी असते. मदतनीस म्हणजे फक्त झाडलोट आणि शिजवणं, असं आपल्याकडं धरलं जातं, हे मला कधीच पटलं नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ पासून 'कोहंगा रेओ' नावाचे शिशुवर्ग चालवले. मधल्या पिढीची भाषा इंग्रजी झाली होती, बोली राहिली होती आजी-आजोबांच्या तोंडात. म्हणून त्यांनी आजी-आजोबांनाच लेकरांत आणून बसवलं. कुणाकडं पदवी आहे हे विचारलं नाही.

भातुकलीच्या कोपऱ्याकडंही बघा. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा गॅस आणि कपबश्या असतात. तिथं पाचटाची छोटी मोळी आणि दोरी ठेवा, टोपलं-घमेलं ठेवा, खोक्याचं शिलाई मशीन करून ठेवा. कारखान्यावरून परत आलेलं लेकरू मोळी कशी बांधायची ते दुसऱ्यांना दाखवेल. ह्याचा अर्थ त्याला ऊसतोडीसाठी तयार करणं असा कुणी काढला तर काढू द्या. लेकरू जे बघतं तेच खेळतं, आणि खेळताना बोलतं.

तक्त्याबद्दल लेक_तांड्याची यांनी लिहिलं ते पटलं. छापील तक्ता काढू नका, तो शासनाचा आहे. त्याच्या शेजारी प्रत्येक लेकराच्या घराच्या दाराचा फोटो लावा. मोबाईलवर काढा, साध्या कागदावर छापून घ्या. सकाळी आलं की लेकरू आपलं दार शोधतं. हजेरी तिथंच होते.


साधासरळ (परभणी)

बाई, बाहुल्यांचं मला माहीत नव्हतं. विचार करायला लावलंत. तरी पहिलीची काळजी मला अजून आहे, ती लेक_तांड्याची यांनी सांगितल्यानं निम्मी कमी झाली. पण गावठाणातल्या त्या आईचं काय? तिचं लेकरू घरी वेगळेच शब्द आणतंय, तर तिला वाटणारच ना?


नांदेडकर_आपा

ह्यावर मला लिहू द्या. मी नांदेडला उर्दू माध्यमाच्या शाळेत छोट्या गटाला शिकवते.

पहिल्यांदा गल्लीतल्या लेकरांबद्दल, कारण त्यांचा विषय मागेच राहिला. लोकांना वाटतं की मुसलमानाच्या लेकराला उर्दू बालवाडी दिली की भाषेचा प्रश्न मिटला. आमच्या घरात "मेरेकू पानी होना" बोलतात, "नक्को" आणि "हौ" बोलतात. उर्दूच्या किताबात ह्यातलं काहीच नाही. म्हणजे उर्दू वर्गातसुद्धा आमचं लेकरू पहिले काही महिने परकंच असतं, आणि वर त्याला "साफ बोल" म्हणून टोकतात. तुमच्या मराठी अंगणवाडीत ते बोलतंय का? बोलत असलं तर त्याला टोकू नका. "मेरेकू खिचडी होना" म्हणालं तर "तुला खिचडी हवी? घे" असं म्हणून वाढा. त्याला खिचडीही मिळाली आणि मराठीही ऐकायला मिळाली.

आणि नाव. लेकराच्या आईला एकदा नीट म्हणायला लावा आणि तसंच म्हणा. आमची नावं हजेरीत मोडून-तोडून घेतली जातात, त्याला मग पोरं हसतात, आणि ते हसणं लेकरू विसरत नाही. तांड्यावरच्या आणि वडारांच्या नावांचंही तेच.

आता त्या आईला काय सांगायचं. तिच्या घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी आजोबा-पणजोबा आहे का बघा. नसलं तर गावात कुणीतरी असेलच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभार उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, १९१८ ला उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. घरी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या लेकरांनी उर्दू वर्गात बसून काय भोगलं ते आपल्या मराठवाड्यातली जुनी माणसं अजून सांगतात. आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून लोकांनी राष्ट्रीय शाळा काढल्या. हिप्परग्याच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. आपल्या भाषेच्या शाळेसाठी केवढी धडपड झाली!

मी मुसलमान आहे, उर्दूवर माझं जिवापाड प्रेम आहे, आणि तरी मी हे माझ्या वर्गाच्या पालकांना सांगते. उर्दूचा त्यात दोष नव्हता. लेकराला त्याच्या घरच्या भाषेशिवाय बसवलं, तो दोष होता. आज मराठी वर्गात तांड्याचं लेकरू त्याच जागी बसलंय. त्या आईला हे कुणा आजोबांच्या तोंडून ऐकवा. तुमच्या-माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते तिला लवकर पटेल. शिवाय तिचं लेकरू तिला आई म्हणायचं सोडून थोडंच देणार आहे? त्याला मैत्रिणीच्या आईला हाक मारता यायला लागली, एवढंच झालंय.

सणांबद्दल तुम्हाला खेड्यात काही नवं करायची गरज नाही. मोहरमला सवारी निघते तेव्हा तुमच्या गावात कोण कोण पुढं असतं? आमच्या आजोळी सवारीला नवस बोलणाऱ्यांत निम्म्याहून जास्त घरं हिंदू आहेत. कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याच्या उरुसाला कुठकुठून माणसं येतात. पोळ्याला गल्लीतला शेतकरीही बैल सजवतोच. लेकरं हे सगळं बघतात. त्यांना दुसऱ्या दिवशी गोलात बसवून विचारा, काल काय बघितलं? चित्र काढायला लावा. बस.

कार्यक्रमासाठी एक सुचवते. वेशभूषा टाळायची असेल तर पर्यवेक्षिका मॅडमना नाही म्हणू नका, दुसरं काहीतरी हातात द्या. लातूरच्या बाईंनी सांगितलेली ती एकच गोष्ट चार बोलींत सांगा, लेकरांच्या आज्या समोर बसलेल्या, फोटो चांगला येतो. त्यांना फोटो हवाय, तो मिळेल.


मन्याडकाठची (कंधार तालुका, जि. नांदेड)

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून मी लगेच कामाला लागले, म्हणून उशिरा लिहितेय.

पहिलं मदतनिसाचं. तिला गोलात बसायला सांगितलं तर ती लाजली, "मला कुठं शिकवाया येतंय ताई" म्हणाली. मग मी म्हणाले, शिकवू नका, चुलीपाशी बोलता तेच बोला. कोल्ह्याची आणि शेळीची गोष्ट घेतली. तिनं गोरबोलीत सुरू केली आणि शेळी नदीवर कशी गेली ते सांगताना त्या साडेचार वर्षांच्या पोरीनं तिला मध्येच अडवलं. शेळी अशी जातच नाही, असं काहीतरी तिचं म्हणणं होतं. उठून स्वतः चालून दाखवलं, मान हलवत. गावठाणातली पोरंही तिच्यामागं शेळ्या होऊन चालली. माझ्याशी मराठीत ती अजून बोललेली नाही. पण खिडकीपाशी बसत नाही, मदतनिसाच्या मांडीला टेकून बसते.

दुखण्या-खुपण्याच्या शब्दांची वही केली. गोरबोली आणि दखनीचं पान भरलं. दारांचे फोटो काढलेत, छापून आणायचे आहेत. वडार वस्तीतल्या दोन घरांना पक्कं दार नाही, तिथं मी त्यांच्या दारापुढच्या लिंबाच्या झाडाचा फोटो घेतला, लेकराला विचारूनच.

तांड्यावरच्या त्या भावांना लेक_तांड्याची यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मराठी आली पायजे बगा." मी म्हणाले, येणार. हा शब्द मी दिलाय आणि तो पाळायचाय, म्हणून लिहून ठेवते. ते दसऱ्यानंतर जातील तेव्हा लेकरू आजीपाशी राहावं म्हणून बोलणं चालू आहे. नेलंच तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीत त्याला आहार आणि जागा मिळायला हवी, त्यासाठी पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये) स्थलांतराची नोंद वेळेवर करणार आहे. तिथली सेविका ताई कोण असेल ते विचारून तिलाही गोरबोलीच्या पानाचा फोटो पाठवीन.

गावठाणातल्या आईकडं अजून गेले नाही. गावात एक आजोबा आहेत, उर्दू शाळेत शिकलेले, अजून कविता म्हणून दाखवतात. त्यांना अंगणवाडीत बोलवायचं ठरलंय, तेव्हा तिलाही बोलवीन.

अडलंय ते वडार वस्तीचं. आया पहाटेच कामावर जातात, परत येतात तोवर अंगणवाडी बंद झालेली. घरी असतात त्या म्हाताऱ्या बायका माझ्याशी बोलायला बिचकतात. 'पाणी'ला नीळ्ळू म्हणतात एवढंच लेकरांकडून कळलं. त्यांची अंगाई किंवा लहान लेकरांना खेळवायचं गाणं कुणाला येत असेल, किंवा ओळखीत कुणी वडार समाजातली ताई असेल जी फोनवर मला अर्धा तास देईल, तर कृपया इथं कळवा. देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या ताईंनी सांगितलं तरी चालेल, पण मी आधी वस्तीतल्या आजीला ऐकवून, त्यांच्यात तसंच म्हणतात का ते विचारून घेईन.


लातूरच्या_बाई

ताई, नोंदवहीचं राहिलंच होतं. रकान्यात असं लिहा: 'घरच्या बोलीत (गोरबोली) पूर्ण वाक्यांत बोलते, गोष्टीत स्वतःहून भर घालते, मराठी सूचना समजतात, मराठीत अजून बोललेली नाही.' खाली तारीख टाका. पर्यवेक्षिकांनी विचारलं तर हीच तिची खरी नोंद आहे म्हणून सांगा. वडारी गाण्यासाठी मी निलंग्याच्या माझ्या जुन्या मदतनिसाला विचारते, तिची सून त्याच समाजातली आहे.